पंचांगावरचा भिवा

“मी एकदाच चुकलो, बाबांनो. पुढचं सगळं तुम्ही चुकवलंत.”

भिवाचं हे वाक्य आमच्या गावात लहानथोरांना पाठ होतं. माझ्या होडीत बसताना तो ते म्हणे, कल्याणच्या बाजारात डोक्यावरची पाटी उतरवताना म्हणे, कधी समोर कुणी नसलं तर नुसत्या बांधालाही ऐकवी. सुरुवातीला तो ते रागाने म्हणायचा. पुढे समजावून सांगितल्यासारखं म्हणू लागला. शेवटच्या वर्षांत ते खोकल्यासारखं झालं होतं, आपोआप बाहेर पडायचं.

आमचं गाव ठाण्यासमोर, खाडीच्या पलीकडच्या अंगाला. पाठीशी डोंगर, पुढ्यात खाडी, आणि मधे बांध घालून खाडीकडून मागून घेतलेली भातखाचरं. बांध नाही तर गाव नाही. या बांधाला एक दार असतं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. दार म्हणजे एकावर एक रचलेल्या जाड फळ्या, दुसरं काही नाही. पावसाचं पाणी खाचरांत तुंबलं की ओहोटीला फळ्या काढायच्या, पाणी खाडीत सोडून द्यायचं, आणि भरती चढायच्या आत फळ्या बसवून फटी चिखलाने लिंपून टाकायच्या. काम एवढंच. पण सगळ्या गावाचा घास त्या कामावर. ते भिवाकडे होतं, त्याआधी त्याच्या बापाकडे, त्याआधी बापाच्या बापाकडे.

भिवा उंच, बारीक, काळा. वर्षाचे चार महिने पाण्यात उभा राहून त्याच्या पायांची बोटं बदकासारखी फाकली होती. बोलणं थोडं. फळीवर नुसता तळहात ठेवून तो सांगायचा, पलीकडे पाणी इतके हात चढलंय. मी स्वतः काठी बुडवून पाहिलं आहे, चार बोटांचाही फरक निघाला नाही. असा माणूस होता तो. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे लोकांनी त्याचं जे केलं ते वाचताना हे विसरायला होतं.

भिवाला अक्षर येत नव्हतं. तिथी मोजायची त्याची रीत वेगळी. पुनवेला किंवा अवसेला घराच्या वळचणीखाली तो पहिला खडा ठेवायचा आणि मग रोज एक. भरती रोज दोन घटका उशिरा येते, हे आमच्या खाडीकाठच्या पोरांनाही ठाऊक. खडे मोजले की भरतीची वेळ कळली. बापाची रीत तीच होती आणि तीन पिढ्या ती कधी फसली नव्हती.

फसली ती नारळी पुनवेला. खाडीवरून आगगाडी धावू लागून वीस वर्षं उलटली असतील, त्या सुमाराची गोष्ट. त्या वर्षी श्रावणातली पुनव दोन दिवस होती. पंचांगात तसं छापलेलं होतं, पण पंचांग आमच्या गावात कुणाकडे? सहदेव पाटील म्हणाले, “उद्या मला कल्याणला जायचंय. नारळ आजच टाकू.” पाटलांनी सांगितलं म्हणजे झालं. सगळा गाव वाजतगाजत खाडीवर गेला, नारळ पाण्यात सोडले, घरी येऊन नारळीभात खाल्ला. आणि भिवाने त्या दिवशी पहिला खडा ठेवला.

पुनव खरी मोजायची ती दुसऱ्या दिवसापासून. म्हणजे भिवाचा एक खडा जास्तीचा झाला. एक खडा म्हणजे दोन घटका. भरती त्याच्या हिशेबापेक्षा दोन घटका आधीच येणार होती.

पुढचे तीन दिवस पावसाची उघडीप होती, उघाडी बंदच होती, त्यामुळे ती चूक कुणाच्या ध्यानात आली नाही. चौथ्या दिवशी पहाटे पाऊस असा कोसळला की लावणी केलेली रोपं पाण्याखाली गेली. भिवाने फळ्या काढल्या आणि सकाळभर मांडीइतक्या पाण्यात उभा राहून वाहून येणारा गाळ हाताने लोटत राहिला. मग मनात खडे मोजले. अजून दोन घटका आहेत. एवढ्यात घरी जाऊन आंबील पिऊन येऊ. तो घरी गेला, आंबील प्याला, आणि भिंतीला पाठ टेकली. नुसती टेकली.

खाडीने खडे मोजले नाहीत. पुनवेनंतरचं उधाण उघड्या दारातून आत शिरलं. भिवा धावत आला तेव्हा पाण्याच्या लोंढ्यापुढे फळी बसेना. चार माणसं लागली तरी बसेना. दाराच्या दोन्ही बाजूंचा बांध खचला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या खाचरांत खाडीचं पाणी डोलत होतं. भातं गेली. जमीन मिठाने पांढरी पडली.

भिवाने दुसऱ्या कुणाच्या अंगावर काही ढकललं नाही. पाटलांच्या अंगणात जाऊन उभा राहिला, म्हणाला, “चुकलो.” एकदाच म्हणाला, “पर पाटील, नारळ सगल्यांनीच टाकला ना त्या दिसाला?” पाटील दुसरीकडे पाहू लागले. उघाडी काळुरामकडे गेली. काळुराम भिवाचा चुलतभाऊ, माणूस चांगला, पण पाण्यापेक्षा गप्पांत जास्त रमणारा.

खारवलेली जमीन पावसाने धुऊन निघते. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, तिसऱ्याला भातं पहिल्यासारखी उभी राहिली. जमीन विसरली. गावही विसरलं असतं. पण मधल्या काळात ही गोष्ट होडीतून ठाण्याला पोचली होती.

ठाण्याला तळ्याच्या पाळीजवळ प्रभाकरपंतांचा शिळाछापखाना होता. छापायचं ते दगडावर उलटं काढायचं, शाई फासायची, वर कागद दाबायचा. पंत पंचांग काढत असत. त्यांच्याकडे त्र्यंबक नावाचा माणूस दगडावर लिहायला होता, हात मोठा गोड. पंतांनी त्याला ही गोष्ट सांगितली आणि त्याने पंचांगाच्या पाठीवर एक चित्र काढलं. चित्रात एक लठ्ठ माणूस बांधावर घोरत पडला आहे, काखेत नारळ, कानाला लोंबकळणारा खेकडा, आणि धोतरात शिरलेले मासे. खाली अक्षरं: पंचांग न घेणारा भिवा.

भिवा लठ्ठ नव्हता. बांधावर झोपला नव्हता. खेकडा तर कुठलाच नव्हता. पण पंचांग दुप्पट खपलं. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीच्या शेतांतून, थेट खडवलीपर्यंत ते भिंतींवर लटकलं. दुसऱ्या वर्षी लोक दुकानदाराला विचारू लागले, “भिवावालं आलं का?” मग काय, दर वर्षी भिवा. कधी भिवा सोमवारच्या बाजाराला मंगळवारी गेलेला, कधी गाडी निघून गेल्यावर रुळांवर बोचकं घेऊन उभा, कधी लग्नाला एक दिवस उशिरा पोचून रिकाम्या मांडवात अक्षता उधळतो आहे. नारळ काखेत, खेकडा कानाला. ज्या चुका त्याने जन्मात केल्या नाहीत त्या त्याच्या नावावर जमा होत गेल्या. मी स्वतः वाचायला शिकलो ते त्याच चित्रांखालची अक्षरं लावून लावून. मी वाचलेला पहिला शब्द ‘भिवा’ आहे, हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

कल्याणच्या बाजारात भिवा सुकी मासळी विकायला बसायचा. गिऱ्हाईक यायचं, मासळी हातात घ्यायचं, भाव विचारायचं. मग शेजारचा कुणी सांगायचा, “ओळखलंत का? हा तो पंचांगावरचा भिवा.”

“काय सांगता! पण हा तर बारीक आहे.”

“वाळला असेल. काय रे भिवा, आज तिथी कोणती?”

“सप्तमी,” भिवा म्हणायचा. तोवर तो खड्यांवर विसंबायचा बंद झाला होता. रोज पहाटे होडीने येणाऱ्या भटजींना विचारून घ्यायचा.

“नक्की ना? की दोन दिवस सप्तमी?”

आणि हशा. एकदा तर एका बाईने त्याच्या कानाला हात लावून पाहिला, खेकड्याची खूण आहे का म्हणून. भिवा टोपली उचलून घरी आला. त्याची मुलगी हौसा, नवरा वारल्यावर बापाकडेच राहायला आलेली, दारात भात पाखडत होती. ती म्हणाली, “बा, हसतात तर हसू दे. तोंडं दुखली का थांबतील.”

“नाय थांबत गो बाय,” भिवा म्हणाला. “माणूस हसला असता तर थांबला असता. ह्यो कागद हसतो.”

त्याला हवं होतं एकच. उघाडी. तीन पिढ्यांची ती जागा परत हवी होती. जमीन सुधारल्यावर तो पाटलांकडे गेला. सहदेव पाटील वाईट नव्हते. त्यांनाही आतून लागलं होतं, नारळाचा दिवस कुणी ठरवला ते ते विसरले नव्हते. पण म्हणाले, “भिवा, मी देईन रे. पर तुला उघाडीवर बसवला आन् चार गावं म्हणाली, ह्यांच्या बांधाला पंचांगावरचा भिवा राखणीला, तर आमची काय शोभा? ते चित्र बंद कर. चित्र थांबलं का उघाडी तुझी.”

झालं. भिवा त्या दिवसापासून चित्र थांबवायच्या मागे लागला.

पहिल्यांदा छापखान्यात गेला तेव्हा पंतांनी त्याला बसायला पाट दिला. त्र्यंबक तर उठून उभाच राहिला, जणू कुणी मोठा माणूस आला. “अहो, हा खरा भिवा!” म्हणत त्याने चारचौघांना बोलावून दाखवला.

“पंत, माझं चित्र काढू नका,” भिवा म्हणाला.

“अरे, पण ते तुझं कुठे आहे?” पंत म्हणाले. “तो लठ्ठ, तू बारीक. तो वेगळा भिवा.”

“मग नाव दुसरं घाला.”

“दुसऱ्या नावाला लोक पंचांग कशाला घेतील?”

अशा गोष्टींवर भिवाला उत्तर परतीच्या होडीत सुचायचं.

मग एक वर्ष असं आलं की वाटलं, आता सुटला. भाद्रपदातली अवस. काळुराम फळ्या काढून ठेवून बहिणीला भेटायला खडवलीला गेला आणि तिकडेच रमला. वारा खाडीकडून सुटला होता, उधाण वेळेच्या आधी चढू लागलं. भिवा बांधावरून घरी चालला होता. त्याने पाणी पाहिलं आणि टोपली फेकून उडी घेतली. तीन फळ्या बसवल्या, चौथी बसेना. तेव्हा तो फळीला पाठ लावून, पाय गाळात रोवून उभा राहिला. छातीपर्यंत पाणी. हौसाने बोंब मारली, आम्ही कुदळी-फावडी घेऊन धावलो, गवत आणि चिखल टाकून फट बुजवली. त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या पाठीवर फळीचा आडवा वळ उठला होता, लालभडक. त्या वर्षीचं भात वाचलं ते त्या पाठीमुळे. पाटलांनी त्याला स्वतःच्या हाताने घोंगडी पांघरली.

दोन दिवसांनी भिवा ठाण्याला गेला. माझ्या होडीतूनच गेला. वाटेत मला म्हणाला, “आता हे काढा म्हनावं. काढायचंच हाय तर हे काढा.” त्याचा चेहरा इतका उजळलेला मी पुन्हा पाहिला नाही.

त्र्यंबकाने सगळं मन लावून ऐकलं. वळ पाहिला. “वा, भिवा, वा,” म्हणाला. आणि त्याने काढलं. पाडव्याला पंचांग आलं त्यात बांधाला भोक पडलेलं होतं, आणि त्या भोकात लठ्ठ भिवा आपलं बूड घालून घोरत होता. काखेत नारळ, कानाला खेकडा. सगळ्या वर्षांत हेच चित्र सर्वांत जास्त खपलं.

भिवा तडक छापखान्यात गेला. “मी जागा होतो,” तो त्र्यंबकाला म्हणाला. “मी जागा होतो की नाय? सांग.”

त्र्यंबक ओशाळला. “मी तुला जागाच काढायला बसलो होतो रे. पण डोळे उघडे काढले तर कुणी ओळखेना. मी काय करू? माझा हात तिकडेच जातो.”

“मग दगड पुसा.”

पंत काही बोलायच्या आत भिवा खाली बसला आणि म्हणाला, दगड पुसल्याशिवाय उठणार नाही. सकाळची दुपार झाली. गिऱ्हाईकं येऊन त्याला पाहून जात होती. शेवटी पंतही कंटाळले, आणि मला वाटतं, थोडे लाजलेही. म्हणाले, “बरं बाबा. तूच पूस.”

दगड पुसायची रीत अशी, की त्यावर ओली वाळू टाकायची आणि वर दुसरा दगड ठेवून गोल गोल घासत राहायचं. भिवाने तिन्हीसांजेपर्यंत घासलं. दगडावर सगळं उलटं होतं, नारळ दुसऱ्या काखेत, खेकडा दुसऱ्या कानाला. आधी खेकडा गेला. मग मासे गेले. तोंड जाता जाईना. भिवाने वाळू बदलली, पुन्हा घासलं. शेवटी दगड कोरा झाला. हात सोलून निघाले होते. परत येताना होडीत त्याने ते काठ येईपर्यंत पाण्यात सोडले. उतरताना म्हणाला, “गेला.”

दुसऱ्या दिवशी पाटलांनी गावासमोर शब्द दिला. येत्या पाडव्याला उघाडी भिवाची.

आमच्याकडे पाडव्याला जोशीबुवा ठाण्याहून येतात, पाटलांच्या अंगणात नव्या वर्षाचं पंचांग वाचतात, आणि मग पाटील वर्षाची कामं वाटतात. ज्याला उघाडी द्यायची त्याच्या हातात नारळ आणि मूठभर तांदूळ देतात. भिवा त्या दिवशी नवं धोतर नेसून आला. हौसाने त्याच्या डोळ्यांत काजळ घातलं होतं. काळुरामही आला होता, त्याचा काही राग नव्हता, उलट सुटलो म्हणत होता.

जोशीबुवांनी पंचांग उघडलं आणि डोळ्यांसमोर धरलं. आत त्यांच्याकडे तिथी-वार, आणि पाठ आमच्याकडे.

पाठीवर भिवा होता. नवा दगड, नवं चित्र. दगड पुसला होता, त्र्यंबकाचा हात कुणी पुसला नव्हता. लठ्ठ भिवा एक मोठा दगड घासत घासत त्याच्यावरच झोपी गेला होता. काखेत नारळ.

प्रत्येकजण दुसरीकडे पाहू लागला, मी तुळशीकडे पाहत होतो. भिवाने चित्र पाहिलं, पण जागचा हलला नाही. जोशीबुवा पाऊस किती, वारा किती, वाचत राहिले. वाचून झाल्यावर पंचांग त्यांनी माझ्या हाती दिलं.

पाटील उठले. मी म्हणतो, त्या दिवशी पाटलांनी मोठेपणा दाखवला. चित्र पाहूनही शब्द फिरवला नाही. “भिवा, ये,” म्हणाले. भिवा पुढे झाला. पाटलांनी त्याच्या एका हातात नारळ ठेवला, दुसऱ्या हातात तांदूळ. भिवाने तांदूळ धोतराच्या सोग्यात बांधले. मग पाटलांना नमस्कार करायचा, तर दोन्ही हात मोकळे हवेत. म्हणून त्याने नारळ काखेत धरला.

आधी कोण हसलं ते मला माहीत नाही. कदाचित काळुराम असेल. पण एकदा सुटल्यावर ते हसू कुणाला आवरेना. बाया पदर तोंडात कोंबत होत्या. जोशीबुवा हसले. पाटलांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलताना सगळ्यांनी पाहिले. मीही हसलो. हौसासुद्धा हसली, आणि हसता हसताच तिने तोंडावर हात दाबून धरला.

भिवा जोडलेले हात तसेच धरून उभा राहिला. हसू ओसरायची त्याने वाट पाहिली. ते ओसरलं, पाटील म्हणाले, “अरे, मनावर घेऊ नको, उघाडी तुझीच हाय,” आणि पुन्हा कुणीतरी फिसकन हसलं.

भिवाने नारळ काखेतून काढला आणि पाटलांच्या पायापाशी ठेवला. सोग्यातले तांदूळ सोडून त्याच्याशेजारी ठेवले, एक दाणा बाहेर पडला तोही उचलून त्यात टाकला. आम्ही सगळे ते वाक्य ऐकायला थांबलो होतो. त्याने ते म्हटलं नाही.

तो अंगणातून बाहेर पडला आणि बांधाच्या वाटेला लागला. “बा,” हौसाने हाक मारली, पण पाय उचलला नाही. उघाडीपाशी तो थांबला. फळीवर तळहात ठेवून उभा राहिला, पलीकडे पाणी कुठवर आलंय ते कळेपर्यंत. एका फटीवरचा सुकलेला चिखल टाचेने दाबून बसवला. मग बांधावरून कल्याणच्या दिशेला चालत गेला, लांब, बारीक, कुणाच्याच चित्रासारखा न दिसणारा. पाटलांच्या अंगणाच्या दारात हौसा उभी राहून पाहत होती, आणि तिच्या मागे मी, हातात पंचांग घेऊन.